जावेच्या बाळासाठी आभार

आमच्या चर्चमध्ये उपासनेच्या शेवटी ज्याला देवाचे आभार मानायचे असतील, त्यानं उभं राहायचं असतं. काल पाळकसाहेबांनी विचारायच्या आधीच सुलोचनाबाई उठल्या.

"माझ्या जावेला मुलगी झाली! आज पहाटे! काय जावळ आहे म्हणून सांगू!"

सगळी मंडळी हसली. मीही हसले, आणि लगेच माझे डोळे भरून आले. याच बाकावर बसून सुलोचनाबाईंनी वर्षानुवर्षं स्वतःसाठी मूल मागितलं होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बाई, तुमच्यासाठीही मागू या ना?"

"मागू की, पुढच्या रविवारी. आज नुसते आभार माना!"

प्रीतीवरची प्रवचनं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. दुसऱ्याचं सुख बघून 'मग मला का नाही?' असं विचारणारा हेवा मला चांगला ओळखता येतो. पण प्रीती अशी असते, हे काल दिसलं! तिला स्वतःचं मागणं विसरायला होतं, इतकी ती दुसऱ्याच्या आनंदानं भरून जाते.

उपासनेनंतर सुलोचनाबाईंनी मला ओढतच दवाखान्यात नेलं. बाळाला उचलून त्यांनी छातीशी धरलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, आता या काही त्याला सोडत नाहीत. तेवढ्यात बाळ रडलं. त्यांनी चटकन ते जावेच्या कुशीत दिलं.

"घे गं, आईला शोधतेय ती."

बाळ दूध पिऊ लागलं, आणि सुलोचनाबाई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवून हसल्या.