जुना कंपायलर सोडायचा की नाही

हिवाळ्यात रुईचा वास आला की मला दिग्रसच्या कॉलेजमधली आमची कॉम्प्युटर लॅब आठवते. शेजारीच कापसातली सरकी काढणारं जिनिंग असल्यामुळे कीबोर्डवर रुईचे तंतू बसायचे आणि जुनी मशीनं तापून घरघरायची. मी तिथे शिकवायचे आणि मराठी शुद्धलेखन तपासणारा एक मोफत प्रोग्राम मुलींसोबत सुधारायचे. एका दुपारी ऑनलाइन बैठकीत त्या प्रोग्रामचे प्रमुख म्हणाले, "यापुढे नवे दोनच कंपायलर सांभाळू, जुने सोडून देऊ." कंपायलरशिवाय प्रोग्राम मशीनला कळत नाही, आणि आमच्या मशीनांवर नवा कंपायलर बसतच नव्हता. मी माइक सुरू करून म्हटलं, "जुना सोडलात तर माझ्या मुलींचं काम थांबेल." त्यांनी विचारलं, "पण दर वेळी प्रोग्राम जुन्यावर तपासणार कोण?" प्रश्न रास्त होता. तेवढ्यात शेजारी बसलेली शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, गॅरेजवाल्याची मुलगी, माइककडे वाकून म्हणाली, "आम्ही पाहू ना सर. आमचं रोजचं काम त्याच्यावरच चालू राह्यते." प्रमुख हसून म्हणाले, "ठीक, तुम्ही तपासाल तोवर जुना राहील." नोकरी लागल्यावरही तिनं जुन्यावर तपासणं सोडलं नाही. आता मी यवतमाळला असते आणि त्या प्रोग्रामची प्रमुख ती आहे. गेल्या महिन्यात तो जुना कंपायलर सोडायची वेळ आली, तेव्हा निर्णयाआधी तिनं बैठकीत सगळ्यांना विचारलं, "याच्यावर अजून कोणी काम करून राह्यलं का?" मीही त्या बैठकीत होते; ऐकताना माझी मान अभिमानानं ताठ झाली.