पायरीवरचं वाचन

एखादं मूल ओळीवर बोट फिरवत धडा घडाघडा म्हणतं, तेव्हा ते वाचतंय, असं तुम्ही कशावरून धरून चालता?

शिक्षिका असून मीही धरून चालले होते. भाद्रपदातली दुपार होती. विट्याच्या पूर्वेला, माळावरच्या आमच्या चर्चच्या प्राथमिक शाळेत खिडकीतून वारा येत होता, आणि त्या वाऱ्यात कुसळी गवताचा कोरडा गंध आणि धनगरांच्या मुलांच्या कपड्यांना कायमचा बिलगलेला लोकरीचा उबदार वास एकमेकांत मिसळला होता. तिसरीचा अख्खा वर्ग एका सुरात धडा म्हणत होता. तो सूर रविवारच्या उपासनेतून भिंत ओलांडून वर्गात आलेला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी किंचित वर चढणारा, ऐकणाऱ्याला गुंगवणारा. तेवढ्यात वाऱ्यानं पहिल्या रांगेतल्या कोमलच्या पुस्तकाची दोन पानं उलटली. तिचं बोट शांतपणे पुढे सरकत राहिलं आणि तोंडही चालू राहिलं. पानावर विहिरीचं चित्र होतं, आणि तिच्या तोंडी चिमणी होती.

मी पत्रकांच्या घरात वाढलेली. वडील चळवळीतले. छापखान्यातून गठ्ठे यायचे ते ओल्या शाईच्या वासासकट, आणि त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. अन्याय दिसला की बोट रोखायचं, एवढं मला चांगलं येत होतं. त्याच संध्याकाळी मी मुख्याध्यापिका एस्तेरबाईंसमोर उभी राहिले. त्यांचं सारं आयुष्य या शाळेत गेलेलं, आणि त्या एकसुराचा त्यांना केवढा अभिमान, हे ठाऊक असूनही म्हणाले, "बाई, ही शाळा नाही, भजनी मंडळ आहे."

त्यांनी हातांवरची खडूची धूळ पुसली. मग म्हणाल्या, "पत्रक काढतेस, की उद्या माझ्याबरोबर पायरीवर बसतेस?"

दुसऱ्या दिवसापासून सामूहिक म्हणणं बंद झालं. चर्चच्या पायरीवर, कडुनिंबाच्या हलत्या सावलीत, एका वेळी एकच मूल आमच्याशेजारी बसू लागलं, आणि त्याच्या हाती कधीच न पाहिलेला कागद असायचा: लग्नाची पत्रिका, बियाण्याच्या पिशवीचा तुकडा, भेळीचा कागद, माझ्या वडिलांची जुनी पत्रकं. मूल अडलं तर शब्द पुरवायचा नाही, थांबायचं, आणि तोच कागद पुन्हा द्यायचा नाही, एवढाच नियम. शाळा मुकी झाली. चाचणीतले गुण घसरले. कोमलचे वडील बिरा खांद्यावर काठी घेऊन फाटकाशी आले.

"आवं बाई, पोरगी आदी लय म्हनायची. आता एकेका शबुदावर पावसातल्या मेंढरावानी बसती. तुमी शिकिवताय का इसरिवताय?"

"विसरवतोय," एस्तेरबाई म्हणाल्या. "पाठ केलेलं गेल्याशिवाय वाचायला जागा होत नाही, बिराभाऊ."

"मग लवकर इसरवा," बिरा हसला. "दिवाळी झाली की आमी चाललो."

दिवाळीच्या तोंडाशी, ऊन मऊ झालं असताना, कोमलनं माझ्या वडिलांच्या एका पत्रकावरची अक्षरं एकेक करत उचलली, दाण्यातले खडे वेचावेत तशी, आणि 'जाहीर सभा' हे शब्द जुळवले. मग मान वर करून विचारलं, "बाई, ही सभा झाली का?"

"झाली. तुझ्या जन्माआधी."

"मग कोन कोन आलं हुतं?"

ती खरंच वाचत होती. कोणीही आलं नव्हतं, हे मी तिला सांगितलं नाही.

दिवाळीनंतर कळप कृष्णाकाठाकडे निघाले. बिराची मेंढरं उंब्रजच्या अंगाला, मोकळ्या झालेल्या रानांत लेंडीखतासाठी बसायची. निघताना मी कोमलच्या हाती पत्रकांची जुडी दिली. तिनं ती छातीशी धरली. तिच्या आई-बापाला अक्षर ठाऊक नव्हतं.

"म्या वाचीन, पर ऐकनार कोन?"

"मेंढ्यांना ऐकव," मी हसत म्हणाले.

ज्येष्ठात ती परतली, ती उन्हानं करपलेली, हातभर उंच झालेली. पायरीवर बसून जुडीतलं पहिलं पत्रक तिनं एकदाही न अडखळता सुरात संपवलं. आनंदानं माझा ऊर भरून आला. मी कागद काढून घेतला आणि तिनं न पाहिलेली लग्नपत्रिका पुढे ठेवली. तिचं बोट पहिल्या ओळीवर गेलं, सरकू लागलं, आणि त्याच सुरात ती म्हणाली, "जाहीर सभा..."

रोज ऐकवायचं म्हणून तिनं ते पाठ केलं होतं. मेंढ्या पान बदलून देत नाहीत. त्या अडल्या शब्दाशी थांबतही नाहीत. माझी एक थट्टा तिनं सात महिने इमानानं पाळली होती.

एस्तेरबाईंनी पिशवीतून भेळीचा कागद काढला, गुडघ्यावर सपाट केला आणि तिच्याशेजारी बसल्या.

आता पुन्हा तीच कोमल त्याच पायरीवर एकेक अक्षर वेचते आहे, आणि माळावरचं गवत पुन्हा पिवळं पडतं आहे. कळप जाणारच. इथं चारा उरत नाही, आणि माझ्या कुठल्याही पत्रकानं तो उगवणार नाही. शाळा सुधारली, हे खरं आहे. ती दिवाळीपर्यंतच सुधारते, हेही तितकंच खरं आहे. मला आता फारशी आशा वाटत नाही, आणि बोट रोखायला समोर कोणी दिसत नाही.

पण यंदा कृष्णाकाठी तुमच्या रानात मेंढरं बसतील. तुम्हीच बोलावणं धाडाल, जमिनीला कस हवा म्हणून. एखादी मुलगी कळशी घेऊन दारी येईल. तिला पाणी द्या, आणि मग घरातला कुठलाही छापील कागद तिच्यापुढे धरा. ती अडेल, तेव्हा शब्द सांगू नका, थांबा. ती घडाघडा म्हणू लागली, तर पान बदला.