बाजारात कुणालाच न ओळखणारी मावशी

आमच्या शेजारच्या मावशीइतकी माणसांची हौस असलेली आणि तिच्याइतकीच माणसांना ओळख न देणारी बाई सबंध वाशिम जिल्ह्यात दुसरी सापडायची नाही. शेलूबाजारच्या आठवडी बाजारातून ती छत्री नाकापर्यंत ओढून जाते, मग ऊन असो की आभाळ. समोरून सख्खी जाऊ आली तरी तिला छत्रीखालून फक्त पाय दिसतात. जीपमध्ये ती सगळ्यात मागे, सुटणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून बसते. कुणी हटकून "काय वं, वळख नाही देत?" म्हटलंच, तर छत्री वर करून इतकं गोड हसते की हटकणाऱ्यालाच आपलं काही चुकलं असं वाटावं. मग दोन शब्द बोलते, आणि छत्री पुन्हा खाली.

हीच मावशी पूर्वी स्टँडवरून घरी यायला तासभर घ्यायची. वाटेत भेटेल त्याला थांबवून म्हशीच्या दुधापासून पोराच्या जुलाबापर्यंत सगळी चौकशी. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात समुपदेशनाचं काम सुरू झालं आणि प्रशिक्षण घेऊन ती त्यात लागली. औषध द्यायचं नाही, उपदेश करायचा नाही. उदास होऊन खचलेल्या माणसाचं दर आठवड्याला ऐकून घ्यायचं आणि त्याला झेपेल असं एखादं काम दोघांनी मिळून ठरवायचं. वेणी घालणं, अंगणात बसणं, शेतापर्यंत एक चक्कर. "नववी शिकलेली बाई काय डोकं दुरुस्त करणार?" असं कुणी विचारलं की ती म्हणे, "दुरुस्त थे सोताच करतात बाप्पा. मी फक्त बसाले खुर्ची देतो."

प्रशिक्षणात एक नियम सांगितला होता. उपचाराला येणाऱ्याला बाहेर आपण होऊन ओळख दाखवायची नाही, तो बोलला तरच बोलायचं. नियम करणारा नक्की शहरातला असणार. मावशीनं तो पहिल्याच बाजारी इमानानं पाळला. सगळ्या गावाशी नेहमीसारखी तोंडभर बोलली आणि तिच्याकडे उपचाराला येणाऱ्या चौघीजणींना तेवढं वगळलं. संध्याकाळपर्यंत चौघींची नावं गावाला पाठ झाली. एकीची सासू तर दारातच येऊन उभी राहिली. "माह्या सुनेले सोडून साऱ्या बजाराशी बोलली तू. तिले झालं तरी काय?" पुढच्या बाजारी ती छत्री घेऊन निघाली आणि तिनं अख्ख्या गावाला ओळख देणं सोडलं. गाव म्हणालं, बाईला खुर्चीचा माज चढला.

मी पत्रकं वाचत वाढलेला माणूस. मला याचा संताप आला. पाय मोडला की सगळं गाव खाटेभोवती जमतं, आणि मन खचलं की माणसानं तोंड लपवायचं? लाजायला हवं ते गावानं. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं, 'नैराश्य हा आजार आहे, बदनामी नव्हे', आणि मावशीला दाखवलं. तिनं ते शेवटपर्यंत वाचलं. "लय झक्कास लिहिलं रे. लाव स्टँडवर. फक्त खाली माह्यं नाव नको टाकू. सासवायले वाचता येते."

मग ते दुखणं आमच्याच घरात आलं. आईला काही झालं नव्हतं, हीच पंचाईत होती. घरात तंटा नाही, कुणी गेलं नाही. पण तिची वेणी सुटली, जेवण सुटलं, दिवसभर ती खाटेवर पडून राहू लागली. आई आणि मावशी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आल्या. रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर दोघी भाजी निवडत इतक्या हसायच्या की बाबा आतून टीव्हीचा आवाज वाढवायचे. मावशीनं तिला आधी मंगरूळपीरच्या समुपदेशक बाईंकडे जायला सांगितलं. आई म्हणाली, परकीपुढं माझं तोंड उघडत नाही. तेव्हा मावशी तिच्या उशाशी बसली. "मंग माह्याकडं ये माय. पण दवाखान्यात. इथं तू मले हसून दाखवशीन."

मी आईला गाडीवर न्यायचो आणि बाहेर कडुनिंबाखाली थांबायचो. आत काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही. हळूहळू आई उठली. वेणी आली, भूक आली, माझ्यावर खेकसणंही परत आलं. फक्त मावशी ओट्यावर यायची बंद झाली.

आईला विचारलं तर म्हणाली, "सारं सांगून बसली मी तिले. आता तिच्यासमोर भाजी कशी निवडू?" मावशीला विचारलं तर म्हणाली, "तिनं हाक मारली का आलीच मी. आधी मी गेली तं तिले वाटन, अजून तपासूनच राह्यली."

"हा नियमच चुकीचा आहे," मी म्हणालो.

"असन. पण तुही माय बरी झाली ना?" आणि मग जरा थांबून, "हासते का रे घरात?"

"हासते."

"कोनासंगं?"

एरवी कुठल्याही प्रश्नावर चार पानं लिहिणारा मी तिच्या सुपातले खडे वेचू लागलो.

काल संध्याकाळी आई ओट्यावर एकटीच मेथी निवडत होती. मधल्या भिंतीपलीकडे मावशी तूर पाखडत होती, सुपाचा आवाज येत होता. आई एकदम म्हणाली, "यंदा मेथी लय कवळी आली बा." बघितलं तिनं माझ्याकडे, पण आवाज भिंतीपलीकडे पोचेल एवढा लावला होता. पलीकडचं सूप थांबलं होतं, आणि आईच्या हातातली जुडी तशीच राहिली होती.