सैल केलेली कंबर

दुपारी गिऱ्हाईक नसलं की शिंपीमास्तरांची तंद्री लागे. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी, काहीतरी गुणगुणत, ते अधूनमधून आपल्याच पँटची कंबर उसवून बोटभर सैल करत. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं. जगाच्या कमरा मोजणाऱ्या या गृहस्थाने स्वतःला टेप म्हणून लावली नव्हती. पँट कधी आवळली नाही, म्हणजे आपण होतो तसेच आहोत, अशी त्यांची पक्की समजूत.

ताईचं यकृत निकामी झालं, तेव्हा आपल्या यकृताचा तुकडा द्यायला मास्तर एका पायावर तयार झाले. आई गेल्यावर ताईनेच त्यांना वाढवलं होतं. रक्तगटही जुळला. पण तपासणीचे फोटो पाहून डॉक्टरीणबाईंनी ते मास्तरांपुढे सरकवले.

"तुमच्या यकृतात चरबी साठलीये. असा तुकडा घेता येत नाही. ताईंचंही असंच सुरू झालं होतं."

"अहो, पण माझी पँट अजून तीच आहे," मास्तर म्हणाले.

"तीच आहे, पण उसवलीत कितीदा?" शेजारून बायको म्हणाली. मास्तर ओशाळले.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. खाल्लेलं खर्ची पडलं नाही की शरीर त्याची चरबी करून ठेवतं. बाकी ठिकाणी मावेनाशी झाली की ती यकृतात शिरते. मग शरीर इन्सुलिनला जुमानत नाही आणि रक्तातली साखर चढते.

"पण यकृतातली चरबी लवकर उतरते. ताईंच्या हाताशी फार तर दोनेक महिने आहेत. बघा जमतंय का."

मास्तर पहाटे धुक्यात चालू लागले. गोड सुटलं, येता-जाता तोंडात टाकणं सुटलं. चालताना पुन्हा तंद्री लागे. वाटे, आत कुठेतरी मंद दिवा लागलाय आणि इतक्या वर्षांचं साठलेलं तेल थेंबाथेंबाने जाळतोय. झाडं, घरं, रस्ता सगळं विरघळून जाई. आपल्याला उशीर तर होणार नाही ना, ही भीती तेवढी विरघळत नसे.

तिकडे ताईचे डोळे पिवळे होत चालले होते.

दुसऱ्या तपासणीनंतर बाई म्हणाल्या, "जमेल. उद्या सकाळीच करू."

मास्तर थेट ताईच्या खाटेपाशी गेले. तिने त्यांच्या गालावरून हात फिरवला.

"किती वाळलास रे. आता तरी पोटभर जेव."

"आज आपल्या दोघांनाही उपाशी ठेवणार आहेत, ताई. जागे झालो की जेवू."

ताईने त्यांचा हात धरला.

"तू आधी उठलास, तर मला हाक मार."

मास्तरांनी मान डोलावली.