पदकाला नको म्हणणारा कानामे

कानामे इवानागा हा अमेरिकेच्या ताब्यातल्या एका बेटावर, कोनाच्या कॉफीमळ्यांच्या चढावर वाढलेला, जपानी घरातला, जेमतेम पाच फुटांचा गडी. गाढवावर कॉफीची पोती लादायची आणि गाढव अडून बसलं की पोतं स्वतःच्या खांद्यावर घेऊन चालू लागायचं, हा त्याचा लहानपणापासूनचा खाक्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा शिपाई म्हणून गेला, तेव्हा इटलीतल्या एका टेकडीवर त्याने तेच केलं. पुढची तुकडी मशिनगनच्या माऱ्याखाली अडली, तसा हा बुटका एकटाच सरपटत वर गेला आणि दोन मशिनगनी बंद पाडून आला. डाव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली. घरी लिहिलं काय, तर 'थंडी फार आहे, मोजे पाठवा.'

पत्रं मात्र दोन लिहावी लागत. आई शिमायो कोनात, आणि बाप जेनकिची दूर अमेरिकेच्या वाळवंटात, काटेरी तारेच्या आत. जपानशी युद्ध पेटलेलं, आणि याचा गुन्हा काय, तर संध्याकाळी गावच्या पोरांना जपानी मुळाक्षरं शिकवायचा! बेटाच्या पलीकडच्या हिलो बंदराच्या धक्क्यावरून बेड्या घालून, लोकांदेखत त्याला बोटीत चढवलं होतं. बापाला डांबणारं सरकार तेच, पोराच्या हातात बंदूक देणारंही तेच. लाज कुणाला वाटायला हवी होती, ते तुम्हीच सांगा.

लढाई संपली, बाप-लेक दोघं घरी आले. शेहेचाळीस साली कॉफीच्या ऐन तोडणीत कॅप्टन प्रूएट नावाचा गोरा अधिकारी धुरळा उडवत दारात आला.

"मिस्टर इवानागा, तुम्हाला शौर्यपदक जाहीर झालंय. शनिवारी हिलोच्या धक्क्यासमोर समारंभ आहे. स्वीकाराल ना?"

आता कोनातल्या जपानी घरांची रीत अशी, की कुणी भाताचा वाडगा जरी पुढे केला तरी आधी नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नकोच. तिसऱ्यांदा हात पुढे करायचा. पहिल्या फटक्यात हो म्हणेल तो हावरट. कानामेने मान खाली घातली.

"छे छे साहेब, मी काय केलं? माझ्याहून मोठी कामं केलेले पुष्कळ आहेत. त्यांना द्या."

केवढा हा विनय, असं कॅप्टनला वाटलं. त्याने कडक सलाम ठोकला, वहीत कानामेच्या नावापुढे 'नकार' लिहिलं आणि गाडी काढली.

तिघं दारात उभेच.

"येईल परत," जेनकिची म्हणाला. "अजून दोनदा विचारायचं राहिलंय त्याचं."

"का, तुमच्या शाळेत शिकलाय का तो?" शिमायो कडाडली.

दुपार कलली, गाडी काही आली नाही. जेनकिचीने काळा कोट बाहेर काढला होता, तो झटकून पुन्हा पेटीत ठेवू लागला. "त्याच धक्क्यावर पहिल्या रांगेत बसायचं होतं एकदा," तो पुटपुटला. "असू दे."

शिमायोने गाडी गेली त्या वाटेकडे बोट दाखवलं, तसा कानामे कळवळला. "पण आई, पदक काय मागून घ्यायचं? लोक तोंडात शेण घालतील!"

"दोन मशिनगनींवर धावून गेलास, आणि एका कॅप्टनकडे चालत जायला पाय लटपटतात होय रे?"

गेला बिचारा. खाली किनाऱ्यावर, कैलुआ गावच्या हॉटेलात कॅप्टन व्हरांड्यात पपई खात बसला होता. कानामेचे कान लालबुंद झाले.

"साहेब, ते पदक... मला हवंय."

"पण तुम्हीच नको म्हणालात!"

"आमच्यात पहिलं नको मोजत नाहीत. आणखी दोनदा विचारायचं असतं. तुम्हीच गाडी काढायची घाई केलीत."

कॅप्टन खो खो हसला. वहीतलं 'नकार' खोडून म्हणाला, "आणखी काही?"

एकदा तोंड उघडलं ते उघडलंच. "पहिल्या रांगेत दोन खुर्च्या. आणि माझ्या नावाआधी बापाचं नाव पुकारा. जेनकिची इवानागा, शिक्षक."

"तशी पद्धत नाही."

"बेड्या घातल्या तेव्हा तुमच्या सरकारने पूर्ण नाव लिहिलं होतं की. त्याच कागदावरून उतरवून घ्या."

कॅप्टनचं हसू मावळलं. त्याने पेन्सिल उचलली.

शनिवारी कर्ण्यातून आधी शिक्षक जेनकिची इवानागांचं नाव घुमलं. बेड्या घालून नेलं होतं त्याच धक्क्यावर म्हातारा ताडकन उभा राहिला. मग कानामेचं नाव झालं, पदक लावून झालं, पुढची माणसंही होऊन गेली, तरी हा ताठ उभाच. शिमायोने कोट ओढून पाहिला.

"अहो, खाली बसा! काही दिसत नाही!" मागून कुणीतरी ओरडलं.

"नाही बसत," जेनकिची म्हणाला.