कोणता हव?

"हव म्हनजे हो, का हव म्हनजे पायजे?" असं विचारताना भाऊ उजवा हात कीबोर्डवरून उचलून वर धरायचे. उत्तर मिळेपर्यंत तो हात खाली येत नसे.

छत्तीसगढीत 'हव' म्हणजे हो. आपल्या मराठीत 'हवं' म्हणजे पाहिजे. "मशीन बंद करू का?" या प्रश्नाला हेच उत्तर आलं, तर मशीन बंद करायचं की ठेवायचं? रायपुरातल्या तेलीबांध्याच्या आमच्या ऑफिसात दोन्ही तऱ्हेने बोलणारे होते. आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो, त्यांच्या रुग्णांच्या नोंदी आमच्या सर्व्हरवर असत (आम्ही त्यांना मशीनच म्हणायचो), आणि त्या सर्व्हरचे राखणदार म्हणजे हे भाऊ. तात्यापारा या जुन्या मराठी वस्तीतले, कैक पिढ्यांचे रायपूरकर.

नवं मशीन लागलं की प्रोग्रामर पोरांना त्यांच्यासमोर उभं राहावं लागे. "काहून पायजे? किती दिवस?" या दोन प्रश्नांत दोन दिवस जायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

एकदा समता कॉलोनीतल्या एका डॉक्टरांना जुनं मशीन बंद करायचं का ते विचारायचं होतं. डॉक्टर मूळचे नाशिककडचे. फोनवर ते "हवं" म्हणाले. भाऊंनी स्कूटर काढली, दवाखान्यात जाऊन रुग्णांच्या रांगेत बसले आणि परत येऊन म्हणाले, "पायजेवाला हव होता. मी सोता तोंड पाहून आलो." आम्ही दिवसभर हसलो.

मी पुण्याहून आले होते ती हे सगळं मोडायलाच. खोलीतले सर्व्हर जाऊन भाड्याची क्लाउड मशीन्स आली. ज्याला लागेल त्याने पडद्यावर बटण दाबावं आणि दहा मिनिटांत मशीन घ्यावं, कोणाला विचारायला नको. पोरं खूश झाली. भाऊंनी एवढंच विचारलं, "घेतानी बटन, ठीक हाय. पन सोडतानी कोन विचारन?"

"पडदाच विचारेल, भाऊ."

महिनाभर न वापरलेल्या मशीनच्या मालकाला फोनवर संदेश जाणार होता : बंद करू का? होकाराच्या शब्दांची यादी मी केली. त्यात मोठ्या हौसेने 'हव' घातला, भाऊंकडूनच शिकलेला. फोनवर टिंब कोण देतो, म्हणून टिंब असो नसो, अर्थ एकच धरायचा असंही मीच ठरवलं. भाऊंनी यादीतल्या 'हव'वर बोट ठेवलं.

"मॅडम, हा शब्द काढा. याले मानूस लागते."

मी हसून विषय बदलला. आज त्याची लाज वाटते.

समता कॉलोनीतल्या त्या डॉक्टरांनाही जुन्या मशीनबद्दल संदेश गेला. त्यांनी नेहमीसारखं "हवं" लिहिलं. मशीन पुसलं गेलं, त्याची प्रतही गेली. जुन्या रुग्णांपैकी कोणाला कोणतं औषध चालत नाही, ते सगळं त्यावर होतं.

भाऊ तेव्हापासून रोज संध्याकाळी वही घेऊन दवाखान्यात बसू लागले. एकदा मीही गेले. ते एका म्हातारीला विचारत होते, "मावशी, तुमाले कोनतं औषध चालत नाही?"

"मले काय मालूम? तुमच्याकडं लिहून हाय न."

ती निर्धास्त आत गेली. दार उघडंच होतं. डॉक्टर चिठ्ठीवर पेन टेकवून नुसतेच बसले होते. मला तिथे थांबवेना.

सर्व्हरची खोलीच राहिली नाही, तेव्हा भाऊंची गरज नाही, असं वरून पत्र आलं. शब्दांची यादी दुरुस्त करायचं ठरलं होतं, ते ठरलेलंच राहिलं. भाऊ गेले त्या दुपारी त्यांचं ऑफिसातलं खातं बंद करायचं काम माझ्याकडे आलं.

त्याच पडद्याने विचारलं, "हे खातं बंद करू का?"

'हो' लिहवेना. 'नाही' लिहायची छाती नव्हती. मी 'हवं' लिहिलं, टिंब देऊन.

खातं लगेच बंद झालं.