इटलीला जायच्या आधी झाईला

सोमवारपर्यंत शाळेला हो किंवा नाही कळवायचं होतं, आणि शुक्रवारी सकाळपर्यंत आई माझ्याशी त्या विषयावर एक शब्द बोलली नव्हती.

विषय असा की मला दहा महिन्यांसाठी इटलीला जायचंय. सकाळी भाषेची शाळा, दुपारनंतर एका हॉटेलच्या किचनमध्ये अर्धवेळ काम. गेलं वर्षभर मी मोबाइलवर इटालियन शिकतेय. आमच्या मांजरीला इटालियन कळतं असं पप्पा सगळ्यांना सांगतात. शहर मी स्वतः निवडलं, जेनोवा. शाळेच्या दोन शाखांपैकी मी हीच घेतली, कारण ती अगदी समुद्रावर आहे. मी डहाणूची. आमची बोट आहे. पप्पा मासे आणतात, आई मार्केटला बसून विकते. मला वाटलं, समुद्र असला की निम्मं घर सोबत असेल. आईलाही तेच सांगितलं. बंदराचे फोटो दाखवले, "बघ, एकदम आपल्यासारखं." ती फोन खाली ठेवून कोलंबी सोलायला लागली ती लागलीच. पप्पा म्हणाले, "मला काय विचारतेस, आईला विचार."

कारण सगळ्या घराला माहीत होतं. परदेशात राहून आलेला आमच्याकडे एकच माणूस आहे, माझा मामा, आणि तो स्वतःहून गेला नव्हता. मी लहान असताना तो गुजरातच्या बोटीवर खलाशी होता. बोट हद्दीची लाइन ओलांडून गेली (पाण्यात लाइन दिसत नाही) आणि सगळे पाकिस्तानात पकडले जाऊन तुरुंगात गेले. मामा जवळजवळ चार वर्षांनी परत आला. आमच्या घरात त्या देशाचं नाव घेत नाहीत, "पलीकडे" म्हणतात. मला मामालाच भेटायचं होतं. तो हो म्हणाला तर आई ऐकेल, असा माझा प्लॅन. आणि खरं सांगायचं तर मलाही कोणीतरी "काही होत नाही" म्हणायला हवं होतं.

जुलैचा शेवट होता. तुम्ही या बाजूला फिरायला येणार असाल तर जुलैत स्कूटी काढू नका. मी काढली. टाकी फुल केली, दोन दिवसांचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत आणि निघाले. डहाणूहून नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी, मग झाई, एकूण वीसेक किलोमीटर. एका बाजूला सुरूची झाडं आणि मागे समुद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. पाऊस थांबून थांबून पडत होता. खड्डे पाण्याने भरलेले, त्यामुळे कुठला खोल आणि कुठला नाही हे चाक आत गेल्यावरच कळायचं. बोर्डीला थांबून चहा आणि गरम भजी घेतली, पन्नास रुपयांत पोट भरतं. टपरीवाल्या काकांनी विचारलं, "कुठे, उंबरगाव?"

"नाही, झाईला, मामाकडे."

"कोणाची गं तू?"

मी सांगितलं. "अच्छा, डहाणूच्या..." म्हणून त्यांनी एक जास्तीची मिरची टाकली. मी ती खाल्ली आणि एकदम मनात आलं, जेनोवात मला हे कोण विचारणार? आणि विचारलं तर मी काय सांगू?

झाई म्हणजे तलासरी तालुक्याचं शेवटचं टोक, पुढे लगेच गुजरात. पावसाळ्यात मासेमारी बंद असल्याने बोटी सगळ्या वर ओढून ताडपत्रीखाली ठेवल्या होत्या. मामा पडवीत जाळं सांधत बसला होता. परत आल्यापासून तो बोटीवर गेलेला नाही. गावातल्यांची जाळी दुरुस्त करतो. मामी गुजरातमधल्या उंबरगावची, तिच्या बोलण्यात गुजराती मध्येच येतं.

"बेस, बेस! भिजलीस केवढी! आईने पाठवलं की पळून आलीस?"

"अर्धं अर्धं," मी म्हणाले.

जेवायला सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. हॉटेलात हे मिळत नाही, कोणाच्या तरी घरी ओळख काढा. जेवण होईपर्यंत मी पावसापासून विजेपर्यंत, माझ्या मांजरीपर्यंत सगळं बोलले, फक्त इटलीचं सोडून. शेवटी परत जाळं घेऊन बसलेला मामाच म्हणाला, "तुझ्या बापाचा फोन आलेला. सांग काय ते."

मी सांगितलं. सगळं, एका दमात. शाळा, किचन, राहायला एका बाईच्या घरात खोली. तो जाळ्यातून मान वर न काढता ऐकत होता.

"गाव कुठंशी? किनाऱ्याला?"

"हो!" मी फोन काढला. "बंदरच आहे, मामा. बोटी बघ किती. एकदम आपल्या..."

त्याने फोटो बघितला. मोठा करून बघितला. मग फोन मामीकडे दिला आणि परत सुई हातात घेतली. मामीने फोटो पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"हा तू आईला दाखवलास?"

"हो. का?"

"अगं वेडी, तुझी आई शेवटची दर्यावर कधी गेली सांग."

 आई मार्केटला जाते. जेट्टीवरून मासे पप्पा नाहीतर काका आणून देतात. मला वाटायचं, कामं वाटून घेतलीत. मी आठवायला लागले, बीचवरचा आईचा एक तरी फोटो. नाहीच. लग्नातले आहेत, मार्केटमधले आहेत.

"तुझा मामा गेला तेव्हा पहिले सहा महिने जिवंत आहे की नाही तेच कळत नव्हतं," मामी म्हणाली. "मी रडायची, ती नाही. ती रोज संध्याकाळी किनाऱ्याला जाऊन उभी. मग एक दिवस तिने जाणं बंद केलं, ते बंदच. हा आला तरी बंद. भावाला भेटायला इथे येते ना, तेव्हा पण मागच्या दाराने येते, बघितलंस?"

बघितलं होतं. मला वाटायचं, मागून जवळ पडतं.

म्हणजे मी महिनाभर माझ्या आईला समजवण्यासाठी तीच गोष्ट दाखवत होते जिच्याकडे ती पाठ करून जगतेय. आणि कौतुकाने, झूम करून. मला खूप लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. पप्पा दर सीझनला जातात. आई काय करत असेल ते समुद्रात असताना? मी कधी विचारलं नव्हतं.

दुपारी पाऊस वाढला, लाइट गेली. मी मामाच्या बाजूला बसून त्याला दोऱ्याची टोकं धरून देत होते. बाकी कोणी नव्हतं म्हणून विचारलं, "तिकडची भाषा कशी शिकलास?"

"शिकलो नाय. घुसली." तो हसला. "पोटाला पायजे ते शब्द पयले येतात. मीठ. पाणी. माझी पाळी. मग शिव्या. तुझ्या मोबाइलमधे शिव्या देतात का?"

"नाही."

"मग काय कामाचा?"

"भीती वाटायची?"

त्याने दोन गाठी मारल्या. "तिकडं असताना रोजचं रोज होतं. उठा, लाइन लावा, जेलातलं मणी ओवायचं काम करा, झोपा. भीती आलो तेव्हा वाटली. माझी पोरगी दारात उभी होती. मी जाताना पाळण्यातली. मला म्हणते, तुम्ही बसा, आई येतेय." त्याने सुई जाळ्यात खोचली. "घर चालू होतं गं. मीच नव्हतो त्याच्यात."

मी ज्याच्यासाठी आले होते ते "काही होत नाही" त्याने म्हटलं नाही. जा म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. आत्तापर्यंत माझं विमान, पैसे, थंडी, एकटं आजारी पडणं या सगळ्याला घाबरून झालं होतं. हे नवीन होतं. दहा महिन्यांनी मी येईन आणि आई मला पाहुण्यासारखा चहा विचारेल, ही भीती माझ्या यादीतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीने सुक्या बोंबलाची एक पिशवी हातात दिली. "जाताना तलासरीवरून जा, ही लखमाला दे." लखमा म्हणजे मामासोबत पलीकडे असलेला खलाशी. एकाच दिवशी पकडलेले, एकाच दिवशी सुटलेले. फरक एवढाच की लखमाकाका अजून दर सीझनला बोटीवर जातात.

आतल्या रस्त्याने तलासरी तासाभरात आली. रस्ता अरुंद पण सुंदर, दोन्हीकडे नुकतीच आवणी, म्हणजे लावणी, झालेली भातखाचरं. लखमाकाकांचा पाडा तलासरीच्या थोडा बाहेर. घर शोधायला त्रास नाही, नाव सांगितलं की लोक स्कूटीच्या पुढे चालायला लागतात. काका चिखलाचे पाय धुत होते. पिशवीचा वास घेऊनच म्हणाले, "झाईचे." मग बायकोला हाक मारून चहा ठेवायला लावला.

ते पंधरा दिवसांत बोटीसाठी गुजरातला, ओखा बंदरात निघणार होते. मी धीर करून विचारलं, "काका, परत भीती नाही वाटत?"

"वाटते ना."

"मग?"

"घरात बसून पण वाटतेच. मग तिकडं बसून वाटू दे, पगार तरी भेटतो." त्यांची बायको चुलीजवळून म्हणाली, "आणि माझा कोण विचारते?" काकांनी पाय पुसायला घेतले. मग मला म्हणाले, "तुझा मामा काय बोलला? नको जाऊ?"

"काहीच नाही बोलला."

"मंग हो बोलला. तो नको असला का ओरडते."

त्यांची बायको मात्र माझ्याकडे बघत होत्या. निघताना अंगणापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "फोन करत जा. खोटा का होईना, बरी हाय म्हनून." एवढंच.

तलासरीहून चारोटी हायवेने पंचवीसेक किलोमीटर. हा भाग मी कोणालाही स्कूटीवर रेकमेंड करणार नाही. अहमदाबादकडून येणारे ट्रेलर बाजूने गेले की आपण हलतो, आणि पावसात त्यांच्या चाकांचं पाणी थेट तोंडावर. एका ट्रकने मला इतकं कडेला दाबलं की मी स्कूटी थांबवली आणि मग सुरूच करता येईना. गाडी ठीक होती, मी नव्हते. घाबरले की मी इटालियनमध्ये आकडे म्हणते, सवय आहे. उनो, दुए... पुढे काहीच नाही. वर्षभराचं सगळं पुसलं गेलेलं. मराठीतले आकडे पण आठवेनात, शप्पथ. जीपची वाट बघत उभ्या असलेल्या एका मावशीने ओरडून सांगितलं, "ए पोरी, पांढऱ्या पट्ट्याच्या आत ये! मरायचंय काय?" मी आत गेले. तिने आपली छत्री माझ्यावर धरली. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. जीप आली, ती गेली, आणि मग मी निघाले.

कासा गाव चारोटीला लागूनच आहे. बाजाराचा दिवस नव्हता तरी गर्दी होती, पाड्यांकडे जाणाऱ्या जीप भरत होत्या. मी एका छोट्या हॉटेलात मिसळ घेतली (ठीकठाक, पाव मात्र ताजे) आणि मोबाइलवर नकाशा उघडला. शाळेची दुसरी शाखा पेरुजियाला आहे. मी ते नाव तेव्हा बघून सोडून दिलं होतं, कारण ते डोंगरात आहे. इटलीच्या दोन्ही बाजूंचा समुद्र तिथून लांब. तिथे मला सकाळी खारा वास येणार नाही. मी आयुष्यात समुद्रापासून लांब सर्वात जास्त राहिले ती शाळेची पाच दिवसांची ट्रिप, आणि तेव्हाही तिसऱ्या दिवशी रडले होते. मिसळ थंड झाली. मी शाळेला मेसेज टाकला, पेरुजियात जागा आहे का. पाठवल्यावर लगेच डिलीट करावासा वाटला.

गंजाडवरून डहाणूचा रस्ता हायवेपेक्षा खूप बरा. झाडी आहे, रहदारी कमी. मी पूर्ण रस्ता तीस-पस्तीसच्या स्पीडने आले. घरी पोचले तेव्हा शाळेचं उत्तर आलं होतं, जागा होती.

आई मार्केटमधून येऊन मोरीत पाय धुत होती. मी ओल्या कपड्यांतच तिच्यासमोर उभी राहिले.

"जेनोवा कॅन्सल."

तिने वर बघितलं. "मग कुठे?"

"पेरुजिया. डोंगरात आहे."

"दर्या?"

"नाही."

"खाडी?"

"नाही. एक मोठं तळं आहे, थोडं लांब."

तिच्या पायांवर पाणी तसंच पडत होतं. "तळ्याची पलीकडची बाजू दिसते?"

मी फोटो शोधला, नीट बघितला. "दिसते."

आईने नळ बंद केला. "मग जा."

आणि टॉवेल घेऊन आत गेली. आतून म्हणाली, "कपडे बदल, आजारी पडशील."

इतके दिवस मी मैत्रिणींना सांगत होते, "मी तर उद्या जाईन गं, आई सोडत नाही." ते सांगायला किती सोपं होतं हे मला मोरीत उभी राहिल्यावर कळलं. आता अडवणारं कोणीच उरलं नव्हतं. पप्पांनी पेढे आणले. मी माझा तसाच बशीत ठेवला.

सोमवारी शाळेला हो कळवलं. तेव्हापासून भीती आहेच, हे लिहिताना पण आहे. तुम्हीही असं काही ठरवत असाल आणि भीती गेल्यावर निघायचं म्हणून थांबला असाल, तर माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. माझी गेली नाही. मी फक्त तिकीट बघतेय.